एकेचाळिसाव्या वर्षी बाळगुटी

आधी शेवट सांगून टाकते. मी बरी आहे, आणि हे लिहिता लिहिता शेंगदाण्याची चिक्की खातेय. माझी केमो चालू होती तेव्हा लोक मला असले अनुभवाचे लेख आणून द्यायचे, आणि मी प्रत्येकाचं शेवटचं पान आधी उघडायचे. बाई वाचली ना? मग वाचू. तुम्हाला पानं उलटायला लागू नयेत म्हणून हे वरच लिहिलं.

दुसरी गोष्ट, यात गांजा आहे. भरपूर आहे. ही हॉलंडमधली २००५ सालची हकीगत. तिथे डॉक्टरच्या चिठ्ठीवर तो औषधाच्या दुकानात मिळायचा, आणि कोणी घरी चार-पाच झाडं लावली तर पोलीस तिकडे फारसं बघायचे नाहीत. माझ्या डॉक्टरला पहिल्यापासून सगळं माहीत होतं. तुम्ही भारतात असाल तर वाचा, हसा आणि सोडून द्या.

पॅरासिटामॉल

आम्ही उइटहॉर्नला राहायचो. मी, नवरा मिलिंद आणि आठ वर्षांची मुलगी मैत्री. मैत्रीला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर डचमध्ये यायचं. मिलिंद सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये. मी रसायनशास्त्रात पीएचडी, रंगांच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम ही माझी रोजची भाषा. हे लक्षात ठेवा, पुढे माझी फजिती आहे.

तिथे काहीही झालं की आधी हाउसआर्ट्सकडे जायचं, म्हणजे आपल्या भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे. आमच्या बाईंकडे एकच औषध होतं. मिलिंद सायकलवरून पडला, पॅरासिटामॉल. मैत्रीला कांजिण्या आल्या, पॅरासिटामॉल. कोणी स्वतःचं मुंडकं हातात घेऊन गेलं असतं तरी त्या म्हणाल्या असत्या, दोन गोळ्या घ्या आणि आठवड्याने फोन करा.

डिसेंबरात मी त्यांना डाव्या छातीतली गाठ दाखवायला गेले. त्यांनी हात लावून पाहिलं, परत पाहिलं, आणि सरळ फोन उचलून इस्पितळाची वेळ घेतली. दुसऱ्याच दिवसाची. कोट घालता घालता मी विचारलं, "गोळ्या?" त्या म्हणाल्या, "नाही." अहो, पॅरासिटामॉल दिली नाही म्हणजे काय ते मला रिपोर्टच्या आधीच कळलं.

रिपोर्टच्या दिवशी इस्पितळातल्या डॉक्टरबाईंनी हात मिळवला, खुर्ची दिली आणि पहिल्याच वाक्यात सांगितलं. कॅन्सर आहे, ऑपरेशन करू, मग सहा केमो, तीन-तीन आठवड्यांनी. डच माणूस आडून बोलत नाही. बाहेर आल्यावर मिलिंद पार्किंगमध्ये पाऊण तास गाडी शोधत होता. मी त्याच्या मागे मागे फिरत होते. पाऊण तासाने मला आठवलं की आम्ही बसने आलो होतो.

चव्वेचाळीस

ऑपरेशन झालं. जानेवारीच्या शेवटी केमो सुरू झाली. दर तिसऱ्या गुरुवारी सकाळी इस्पितळात जायचं. मारायके नावाची नर्स आधी वजनकाट्यावर उभी करायची, मग खुर्ची, मग सुई. अकरा वाजता कॉफीची ढकलगाडी आणि साडेबाराला चीज घातलेला गार पाव यायचा. शेजारच्या खुर्च्यांवरचे आजी-आजोबा तो पाव असा चवीने खायचे की मला त्यांचा राग यायचा. मी खिडकीबाहेर तोंड करून बसायचे.

घरी आल्यावर खरी मजा. पाणी प्यायलं तरी उलटी. फोडणीचा वास आला की उलटी. नुसता मिलिंद चीज खाऊन आला तरी उलटी. घरात फोडणी बंद झाली, मग कांदा, मग कॉफी. नवरा आणि मुलगी सायकलींच्या खोपटात उभं राहून जेवायचे. फेब्रुवारीतल्या थंडीत. एकदा मैत्री खोपटातून आली आणि बापाला डचमध्ये म्हणाली (तिकडे 'मामा' म्हणजे आई), "मामाला आता आपलाच वास आवडत नाही." मिलिंदने मला ते सांगितलं नाही, पण मी जिन्यात उभी होते. त्या दिवशी मी खूप रडले. मरणाची भीती वाटायचीच, पण त्याहून भीती ही की पोरीला आई म्हणून फक्त ही बादली घेऊन बसलेली बाई आठवेल.

सुरुवातीला मी बावन्न किलो होते. दुसऱ्या केमोला शेहेचाळीस. डॉक्टरांनी फाइल बंद करून सांगितलं, "चव्वेचाळीसच्या खाली गेलात तर पुढची केमो देता येणार नाही. थांबावं लागेल. आणि थांबणं मला आवडणार नाही."

उलटीवरच्या सगळ्या गोळ्या झाल्या होत्या. मग त्यांनीच गांजाची चिठ्ठी लिहून दिली. औषधाच्या दुकानातल्या मुलीने, खोकल्याचं औषध द्यावं तसा, डबी आणि एक पत्रक हातात ठेवलं. चहा करून प्या, असं पत्रकात होतं. मी केला, घोट घेतला, आणि बादली भरली. ओल्या गवतात कोणी मोजे उकळलेत असा वास. तो उपाय तिथेच संपला.

आई

तेवढ्यात पुण्याहून माझ्या सासूबाई आल्या, तीन महिन्यांच्या व्हिसावर. आम्ही त्यांना आई म्हणतो. आई म्हणजे बोपोडीच्या वस्तीतल्या बालवाडीच्या बाई. बुद्धाची पाच शीलं नुसती म्हणायची नाहीत, पाळायची. त्यातलं पाचवं, नशा न करण्याचं, त्यांच्या खास जिव्हाळ्याचं. माझे सासरे दारूने गेले. त्यानंतर आईंनी बायका गोळा करून वस्तीतला दारूचा गुत्ता बंद पाडला, आणि शाळेच्या मागे चिलीम ओढत बसणाऱ्या पोरांवर बादल्या ओतल्या. आमच्या लग्नात रसमलाईत केशराच्या जागी काहीतरी नशेचंच आहे म्हणून त्यांनी आचाऱ्याला अर्धा तास झापलं होतं.

त्यांच्यात आणि माझ्यात तोवर सगळं ठीक होतं, म्हणजे फार बोलणं नव्हतं. मी शिकलेली सून, त्या मितभाषी सासू. दाराशी मला बघून त्या एवढंच म्हणाल्या, "अगं, निम्मी राहिलीस की."

बॅगेत त्यांनी मसाले आणलेच, शिवाय मैत्रीच्या बाळपणातली सहाण. डोकं दुखलं की सुंठ उगाळून लावायला त्यांना ती लागतेच. विमानतळावर कस्टमच्या माणसाने हा दगड कशाला म्हणून विचारलं, तर आईंनी त्याला कपाळ चोळून दाखवलं. त्याने सोडून दिलं.

डबीतला गांजा त्यांना दुसऱ्याच दिवशी सापडला. मिलिंद म्हणाला, "आई, ती भांगेसारखी एक वनस्पती असते..."

"गांजा म्हण," आई म्हणाल्या. "गोड करून सांगू नकोस. मी वासाने ओळखते."

मिलिंदने मग सगळं सांगितलं. डॉक्टर, चिठ्ठी, चव्वेचाळीस किलो. आईंनी डबीचं झाकण घट्ट लावलं. मग मला म्हणाल्या, "याने जेवशील तू?"

"माहीत नाही. चहा तर पोटात टिकला नाही."

"चहा कोण करतं असल्याचा? तुपात उतरवायचं असतं ते." एवढं बोलून त्यांनी जीभ चावली. कुठून माहीत, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आमची विचारायची टाप नव्हती.

थोरली आणि धाकटी

आमच्या शेजारी विम राहायचा. सत्तरीचा, एकटा, जन्मभर रस्त्यांच्या विटा बसवून गुडघे गेलेला. त्याचं नाव आईंना भांड्याच्या पावडरीचं वाटलं आणि त्यांनी त्याला विमभाऊ करून टाकलं. विमभाऊंनी गुडघ्यांसाठी काचेच्या खोपीत, टोमॅटोंच्या शेजारी, गांजाची चार झाडं ठेवली होती. दोन जाती. त्याने त्यांना आपल्या दोन मावश्यांची नावं दिली होती.

"ही मावशी आली की सगळे झोपतात," तो पहिलीकडे बोट दाखवून म्हणाला. "आणि ही आली की सगळे हसतात आणि फ्रिज रिकामा होतो."

मी भाषांतर केलं. आईंनी दोन्ही झाडं खालून वर न्याहाळली, पानं चुरडून हुंगली. "म्हणजे ही थोरली आणि ही धाकटी. तुला धाकटी पाहिजे. थोरली संध्याकाळपुरती."

दुकानातल्या डबीवर नुसता नंबर होता. इथे निदान स्वभाव कळत होता. डॉक्टरांना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, घ्या, पण अगदी थोड्याने सुरुवात करा, हळू वाढवा, आणि मला प्रत्येक वेळी सांगा.

आता थोडं म्हणजे किती, यावरून आमच्या घरात युद्ध पेटलं. मी म्हटलं, फुलात औषधाचं प्रमाण किती ते माहीत नाही, तुपात किती उतरलं ते माहीत नाही, मला मोजमाप हवं. मिलिंदने एक्सेल उघडलं. त्यात वेळ, मात्रा, वजन, उलट्या, मूड असे रकाने, आणि मूडसाठी लाल-पिवळा-हिरवा रंग. पहिल्या दिवशी त्याने अर्धा चमचा तूप भातात दिलं. तासभर काही झालं नाही. त्याने रकान्यात 'परिणाम शून्य' लिहून आणखी अर्धा चमचा दिला. मग दोन्ही अर्धे एकदमच आले. मी चार तास सोफ्यावर आडवी होते आणि भिंत हळूहळू श्वास घेतेय असं मला दिसत होतं. जेवण तर राहिलंच. मिलिंदला मूडला कोणता रंग द्यावा ते कळेना.

संध्याकाळी आईंनी एक्सेल बंद करायला लावलं. "तुला लहानपणी गुटी कोणी दिली? कंप्युटरने?"

वेढे

ज्यांना गुटी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तान्ह्या बाळाला हळकुंड, वेखंड, जायफळ, खारीक असं एकेक सहाणेवर दुधात उगाळून चाटवतात. त्याचं माप चमचा नाही, वजन नाही. माप म्हणजे वेढा. जायफळ सहाणेवर एकदा गोल फिरवलं की एक वेढा. बाळ झोपून राहिलं तर जायफळाचा वेढा कमी. पोट धरलं तर दुसऱ्या कशाचा वाढवायचा. तीन दिवस बघायचं, मगच वाढवायचं. आणि बाळाला दात आले की गुटी थांबवायची.

आईंनी धाकटीची फुलं मंद आचेवर साजूक तुपात उतरवली, गाळली, आणि ते तूप खारकेच्या आणि बदामाच्या पुडीत मळून बोटाएवढी कांडी वळली. फ्रिजमध्ये ती दगडासारखी झाली. थोरलीची वेगळी कांडी, ती ओळखू यावी म्हणून तिला लाल दोरा. सकाळी सहाणेवर चमचाभर कोमट दूध, कांडीचा एक वेढा, आणि बोटाने माझ्या जिभेला.

"आई, याला शास्त्रीय आधार..."

"जीभ आत घे."

तीन दिवस एक वेढा. काही नाही. तीन दिवस दोन. मळमळ जरा मागे सरकली. तीन वेढ्यांच्या पहिल्या दिवशी दुपारी मी मऊ भातावर मेतकूट घेऊन अख्खी वाटी खाल्ली आणि ती पोटात राहिली. मिलिंद स्वयंपाकघरात आला, रिकामी वाटी बघितली आणि बाहेर जाऊन नाक शिंकरून आला. आठवड्याने घरात पहिली फोडणी पडली. नवरा आणि मुलगी खोपटातून घरात आले.

मला मान्य करायला जड गेलं, पण पद्धत चोख होती. दर वेळी तोच दगड, तोच हात, तोच दाब. मी प्रयोगशाळेत याहून मोठे घोटाळे बघितलेत.

चौथ्या केमोला वजन साडेपंचेचाळीस होतं. डॉक्टरांनी विचारलं, किती घेता? मी पीएचडीची सगळी लाज गिळून म्हटलं, "थ्री रोटेशन्स." त्यांनी मान वर केली. मी बोटाने हवेत गोल करून दाखवला. त्यांनी शांतपणे लिहून घेतलं. माझ्या फाइलमध्ये ते अजून असेल.

टाकी

चौथ्या केमोनंतर मात्र गाडी रुळावरून घसरली. तेच तीन वेढे, पण भूक नाही. परत बादली, परत खोपट. घरच्या काट्यावर पंचेचाळीस, मग चव्वेचाळीस पूर्णांक चार, आणि एप्रिलच्या त्या शुक्रवारी त्रेचाळीस पूर्णांक सहा. पाचवी केमो पुढच्या गुरुवारी. काट्यावरून उतरून मी तशीच बाथरूमच्या फरशीवर बसले. चार केमो सोसल्या आणि आता तोंडाशी आलेलं थांबणार. मिलिंद म्हणाला, शरीराला सवय झाली असेल, जात बदलून बघू. मी त्याच्यावर ओरडले. तोही ओरडला. मग आम्ही दोघांनी एकमेकांची माफी मागितली आणि परत ओरडलो.

आई सहाणेवरून अंगठा फिरवत होत्या. "जात कशाला बदलायची? सहाण बघ. गुळगुळीत झालीय. वेढे फिरतात, उतरत काहीच नाही."

आपल्याकडे पाट्याला टाकी लावणाऱ्या बायका दारावर येतात. उइटहॉर्नला त्या कुठून याव्यात? पण शेजारी जन्मभर दगडाचं काम केलेला माणूस होता. आईंनी कुंपणावरून सहाण दाखवली, अंगठ्याने गुळगुळीत आहे असं सांगितलं, आणि मुठीवर मूठ आपटून 'टक-टक' म्हटलं. विमभाऊंचा चेहरा उजळला. किती वर्षांनी कोणीतरी त्यांना काम सांगत होतं. तासाभराने त्यांनी सहाण परत आणली. इतकी प्रेमाने टोचलेली, की तिच्यावर गाजर किसता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. झूटरमेरला भीमजयंतीचा कार्यक्रम होता आणि पाचव्या शीलावर बोलायला आईंना बोलावलं होतं. सकाळच्या गडबडीत आईंनी निळ्या काठाची पांढरी साडी नेसली, नेहमीसारखे तीन वेढे दिले आणि आम्ही निघालो.

झूटरमेर

हॉलमध्ये चाळीसेक माणसं होती. सगळी ओळखीची. पुस्तकांचं टेबल, निळे झेंडे, मागच्या खोलीत स्वयंपाक. वंदना झाली. मी डोक्याला रुमाल बांधून पहिल्या रांगेत बसले. आई माइकपाशी उभ्या राहिल्या आणि त्याच वेळी मला छतावरची ट्यूबलाइट फारच सुंदर वाटायला लागली.

मी मिलिंदला कोपर मारलं. "ट्यूब बघ ना."

"काय झालं ट्यूबला?"

"किती सरळ आहे रे."

त्याने माझे डोळे बघितले आणि त्याचा चेहरा पडला.

आई बोलत होत्या. बोपोडीचा गुत्ता, सासऱ्यांची गोष्ट. लोक गंभीर होऊन ऐकत होते. "नशा," आई म्हणाल्या, "माणसाला आतून खाते."

"मला तर बाहेरूनच काहीतरी खायचंय!" हे कोण बोललं म्हणून मी मागे वळून बघितलं. सगळे माझ्याकडेच बघत होते.

मागच्या खोलीतून पुऱ्यांचा वास येत होता. दोन महिन्यांत पहिल्यांदा तो वास मला आत बोलावत होता. मी उठले. मिलिंदने ओढणी धरली, मी ओढणी त्याच्याकडेच ठेवून गेले. मग मी पुऱ्या खाल्ल्या. बटाट्याची भाजी खाल्ली. वाटी शोधायला वेळ नव्हता म्हणून खीर डावाने खाल्ली. आणि एक ताट वाढून घेऊन परत पहिल्या रांगेत येऊन बसले, कारण आईंचं भाषण मला ऐकायचं होतं. आई बोलत होत्या, मी पुरी मोडत होते आणि पटलं की मान डोलवत होते. दोनदा टाळ्याही वाजवल्या, एकटीनेच.

स्वयंपाकाचं बघणाऱ्या शीलाताई माझ्या मागोमाग बाहेर आल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "आई, जेवतेय हो ही! सहा पुऱ्या खाल्ल्या! मागच्या महिन्यात पाणी घोटवत नव्हतं. काय औषध दिलंत? आमच्या यांचीही केमो चालू आहे. चार दिवस झाले, अन्नाला शिवलेले नाहीत. सांगा ना हो."

आई माइक धरून उभ्या. माझ्या डोक्यात ढग होते, पण त्यांचा चेहरा मला अजून स्वच्छ आठवतो. एका बाजूला जन्मभराचं नाव होतं. 'आयुर्वेदिक आहे' एवढं म्हणाल्या असत्या तरी भागलं असतं. कोणी पुढे विचारलं नसतं.

"गांजा," आई माइकमध्ये म्हणाल्या.

कुठेतरी एक खुर्ची कुरकुरली.

"गांजा उगाळून देते मी तिला. गुटीसारखा. डॉक्टरला माहीत आहे. काल सहाणेला टाकी लावली आणि आज वेढे कमी करायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. चूक माझी, तिची नाही." मग त्यांनी माइक दुसऱ्या हातात घेतला. "पाचवं शील माझ्या हातून मोडलं का, ते मला ठाऊक नाही. पण चौथं मोडून मी शीलाला खोटं सांगणार नाही. तिचा माणूस उपाशी आहे."

शेवटी कांबळेकाका उठले. दर वर्षी वंदना तेच सांगतात, थोडे कडक आहेत, आम्ही सगळेच त्यांना घाबरतो. आता हे काय बोलणार म्हणून मिलिंदने डोळे मिटले.

"बाई," काका म्हणाले, "पाचवं शील बेसावध होण्याच्या विरुद्ध आहे. तुम्ही तर वेढे मोजून देताय. यात बेसावधपणा कुठे आला?"

आईंनी डोळ्यांना पदर लावला. शीलाताईंनी जाऊन त्यांना मिठी मारली. सगळा हॉल हळवा झालेला, आणि त्या शांततेत माझा आवाज आला, "खीर संपली का?"

नंतर मी गाडीत झोपले ती रविवारी सकाळी उठले. त्या दिवसापासून एकच वेढा.

काटा

गुरुवारी सकाळी मी जाड स्वेटर घातला, त्यावर दुसरा, मिलिंदचे बूट, आणि खिशात त्याच्या सायकलीची लोखंडी साखळी. पाच दिवस मी नीट जेवले होते, पण घरच्या काट्यावर बघायची हिंमत नव्हती. आई बरोबर आल्या होत्या. मी काट्यावर चढायच्या आत त्या म्हणाल्या, "खिसा वाजतोय."

"थंडी आहे, आई."

"साखळीने ऊब येते का? काढ सगळं. परवा चाळीस माणसांत मी खरं बोलले, ते तू इथे बुडवणार?"

मारायकेला मराठी येत नव्हतं, पण सासू काय म्हणतेय ते कुठल्याही नर्सला कळतं. तिने हसून हात पुढे केला. मी साखळी दिली, बूट दिले, दोन्ही स्वेटर दिले. पातळ सदऱ्यात काट्यावर चढले आणि डोळे मिटून घेतले. मागून आईंचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

"चव्वेचाळीस पूर्णांक दोन," मारायके म्हणाली आणि खुर्चीकडे बोट केलं.

सुई टोचून घ्यायला इतक्या आनंदाने कोणी खुर्चीत बसलं नसेल. साडेबाराला चीजचा गार पाव आला. मी अर्धा खाल्ला, अर्धा आईंना दिला. त्या म्हणाल्या, "हे खाऊन तर बरं माणूस आजारी पडेल."

दात

मेमध्ये सहावी केमो झाली. त्यानंतर आठवड्याने आईंचं परतीचं विमान होतं. निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी भाकरी आणि पिठलं केलं, चरचरीत फोडणी देऊन. मी टेबलाशी बसले, एक भाकरी खाल्ली, दुसरी मागितली. अर्धी खाऊन झाल्यावर माझ्या लक्षात आलं की आज गुटी राहिली.

"आई, आज वेढा दिला नाहीत."

"काल पण नव्हता दिला. परवाही नाही. नुसतं दूध लावलं बोटाला."

मी तोंडातला घास तसाच धरून त्यांच्याकडे बघत राहिले. चौथ्या शीलाबद्दल विचारणार होते, पण त्यांनी ओळखलं. "तू विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही. खोटं कुठे बोलले?"

सहाण ओट्यावर धुऊन, पुसून, फडक्यात गुंडाळून ठेवली होती. शेजारी धाकटीच्या कांडीचा उरलेला तुकडा. मला वाटलं, माझ्यासाठी ठेवून जातायत. त्या म्हणाल्या, "शीलाताई येतील न्यायला. त्यांच्या डॉक्टरांनी हो म्हटलंय. तिला सांग, टाकी ताजी आहे, अर्ध्या वेढ्यापासून सुरू कर." शीलाताईंचे मिस्टर नंतर जेवायला लागले, हेही इथेच सांगून टाकते.

मला एकदम रडू यायला लागलं. तो दगड मला काय करायचा होता? पण वाटलं, मी परत आजारी पडले तर? हा आजार परत येतो म्हणतात, आणि आई पुण्याला. मी तसंच बोलून दाखवलं. "मला परत लागली तर?"

आईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "आ कर."

"आई, मी जेवतेय."

"आ कर म्हटलं ना."

मी एकेचाळीस वर्षांची. रसायनशास्त्रातली पीएचडी. डोक्यावर अजून रुमाल. शेजारी मैत्री पिठलं चाटत टक लावून बघत होती. मी आ केला. आईंनी हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं, आधी वरचे बघितले, मग खालचे, अगदी नीट, घाई न करता.

"आलेत सगळे," त्या म्हणाल्या. "गुटी बंद. भाकरी खा."